फुलीच्या टाक्याची अक्षरं

राग आला तेव्हा घड्याळात सव्वानऊ झाले होते, आणि बारापर्यंत सुवर्णाला तोंड उघडता येणार नव्हतं.

नऊ वर्षांचा नेम होता तिचा. पहाटे उठल्यापासून दुपारी देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. लिहूनही काही सांगायचं नाही. तिच्या मते ती पळवाट झाली. घरात सगळ्यांना त्याची सवय होती. नवरा संतोष ओझरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा, तो डबा उचलताना नुसती मान हलवायचा. पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक झालं होतं, की पिंगळे वहिनी बाराच्या आत हड म्हणत नाहीत.

"आगं, हे काय आलंय बघ गटाच्या नावानं!" कलाबाई जिना चढून उंबऱ्यातूनच ओरडत आली. कलाबाई तिची चुलत जाऊ. पहाटे बाजारात मेथी-कोथिंबीर विकून नऊला परतायची आणि मग बायकांच्या बचत गटाचं बघायची. "पोस्टमननं सही घेतली माझी. बारीक बारीक छापलंय, मला काय दिसंना. सरकारी हाय का काय?"

सुवर्णानं हातातलं भरतकाम बाजूला ठेवलं आणि कागद उजेडात धरला.

'आपल्या गटामार्फत ऑनलाइन विक्रीस ठेवलेल्या तोरणांवर व आसनांवर आमच्या कंपनीच्या मालकीच्या "ठोकळा" या अक्षरसंचाचा विनापरवाना वापर होत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर वापर तात्काळ थांबवावा. संबंधित वस्तू संकेतस्थळावरून हटविण्यात आल्या आहेत.'

खाली नमुन्यादाखल अक्षरं छापली होती. अ, आ, क, ग, म, र, श्री. जाड, चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांची.

तिनं कागद खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. 'श्री'च्या वेलांटीचा कोपरा एका चौकटीनं आत घेतलेला होता. तो तिनंच आत घेतला होता, आठ वर्षांपूर्वी, याच ओसरीवर बसून, कारण तसाच ठेवला तर तो शेजारच्या अक्षरात घुसत होता.

अक्षरं तिची होती. मागं एकदा भजनी मंडळासाठी मंडपाचा पडदा भरायचा होता, मॅटीच्या चौकटीदार विणीच्या कापडावर, फुलीच्या टाक्यानं. दुकानातल्या नमुन्यांच्या पुस्तकांत मोर होते, गुलाब होते, इंग्रजी एबीसीडी होती. मराठी अक्षरं होती ती नाजूक वळणांची, चार हातांवरून दिसेनाशी होणारी. मागं बसणाऱ्या म्हाताऱ्या म्हणायच्या, आम्हाला कुठलं दिसतंय बाई, आम्ही आपलं टाळ्या वाजवतो. मग तिनं गणिताची चौकटीची वही आणली. एक चौकट म्हणजे एक टाका. रेघ दोन चौकटी जाड. अक्षराला दहा ओळी, वरच्या मात्रेला तीन, खालच्या उकाराला तीन. कापडाचा पट्टाच सोळा ओळींचा, त्यापलीकडं जायला जागा नाही.

जाड रेघेचं एक दुखणं असतं. अक्षराचं पोट बुजतं. 'घ' आणि 'ध' लांबून जुळे भाऊ दिसायला लागतात. त्या एका 'ध'साठी तिनं किती वेळा टाके उसवले असतील याची गणतीच नाही. शेवटी त्याचं डोकं एक ओळ खाली दाबलं, तेव्हा कुठं दोघं वेगळे झाले. सगळी बाराखडी, जोडाक्षरं धरून, पुरी व्हायला तिला अडीच वर्षं लागली. पूजा झाली की बसायचं, बारा वाजले की उठायचं. मौनात हात छान चालायचा.

आणि आता पोस्टानं कागद आला होता, की वापर थांबवा.

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ओरडणं तिला तसंही यायचं नाही. माहेरी तिला सगळे 'मुकी मैना' म्हणायचे. पण आज तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि बारा वाजायला अजून वेळ होता.

"ठोकळा?" कलाबाई तिच्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न करत होती. "म्हंजी द्वारका चौकात तो मोठा बोर्ड लागलाय, रिक्षा पळवायच्या गेमचा, 'खल्लास' लिवलेला? मी तवाच म्हटलं होतं तुला, हे तर आपल्या तोरणासारखंच हाय!"

म्हणाली होती खरी. महिन्यापूर्वी दोघी रिक्षानं येत होत्या. सुवर्णानंही पाहिलं होतं, आणि मनातल्या मनात स्वतःलाच दटावलं होतं, की जाड अक्षरं जगात काय एकट्या आपल्यालाच सुचतात? एवढा अहंकार बरा नव्हे.

"आन् तो गेम आपल्या आरोहीच्या कंपनीचा ना?" कलाबाईचा आवाज एकदम खाली आला.

सुवर्णानं मान हलवली नाही. हलवायची गरजच नव्हती.

आरोही तिच्या भावाची मुलगी. पिंपळगावहून कॉलेजला रोजची ये-जा नको म्हणून दोन वर्षं इथं राहिलेली, याच ओसरीवर गादी टाकून झोपलेली. आता गंगापूर रोडला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. कालच संध्याकाळी तिचा फोन आला होता. "आत्या, उद्या साडेदहाला येते सरांना घेऊन. तुझी ती चौकटीची वही काढून ठेव ना, त्यांना बघायचीये." आणि सुवर्णानं हौसेनं वही काढली होती, लाल फडक्यात बांधली होती, सरांसाठी शेंगदाण्याचे लाडू वळले होते.

तिनं ती वही उचलली आणि देवघरात नेऊन देवांच्या मागं ठेवली. मग पुन्हा ओसरीवर येऊन भरतकाम हातात घेतलं. सुई कापडातून जाताना टक् टक् वाजत होती, इतक्या जोरानं ती टोचत होती.

"भर, भर," कलाबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. "मी बसते हितं. तुला बोलता येत नाय ना? मला येतं."

साडेदहाला दोघं आली. आरोहीचे सर म्हणजे हर्षल, पस्तिशीचा, दाढी नीट कोरलेली, बूट काढताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणणारा. आरोही त्याच्या मागं.

"नमस्कार काकू! आज पण मौन? भारी आहे हं तुमचं. आमच्या ऑफिसात सुरू करायला पाहिजे." तो मोकळेपणानं हसला. माणूस वाईट नव्हता दिसत, आणि त्याचाच सुवर्णाला जास्त राग आला.

कलाबाईनं ताटलीतलं पाण्याचं तांब्या-भांडं पुढं सरकवलं आणि त्याच ताटलीत तो कागद ठेवला.

हर्षलनं वाचला आणि कपाळाला हात लावला. "अरे! हे तुम्हालाच गेलं? सॉरी सॉरी. आमचे वकील ना, नेटवर कुठं ठोकळा दिसला की धडाधड पाठवत सुटतात. टेन्शन घेऊ नका काकू. मी तुमच्या गटाला परवानगीचं पत्र देतो. फुकट. खास तुमच्यासाठी."

"कशाची परवानगी?" कलाबाईनं विचारलं.

"ही अक्षरं वापरायची."

"कुनाची अक्षरं?"

"म्हणजे... कायद्यानं कंपनीची. प्रेरणा काकूंचीच आहे, ते आम्ही कुठं नाकारतोय?"

सुवर्णानं दोरा ओढला. इतका ओढला की कापड चुरगळून गोळा झालं. ती ते मांडीवर सरळ करत राहिली. परवानगी. म्हणजे उद्या हा माणूस तिला तिच्याच चुलीवर भाकरी थापायची परवानगी देणार, आणि वर फुकट म्हणणार.

"आणि काकूंनी स्वतः होकार दिलाय की. माझ्याकडे व्हिडिओ आहे." हर्षलनं मोबाईल काढला. "हे बघा, गेल्या श्रावणातला."

पडद्यावर हीच ओसरी. हर्षलचा आवाज विचारत होता, "काकू, तुमच्या अक्षरांवरून आम्ही फॉन्ट करतोय, गेमसाठी. तुमची हरकत नाही ना?" आणि सुवर्णा, देवपूजेच्या लुगड्यात, हसऱ्या चेहऱ्यानं दोन्ही हात जोडत होती. "थँक्यू काकू!" आणि व्हिडिओ संपला. त्या दिवशी दोघं बाराच्या आतच निघून गेली होती आणि पुन्हा कुणी विषय काढला नव्हता, म्हणून ते राहिलंच असं सुवर्णानं धरलं होतं.

कलाबाई आधी हसलीच. मग तिचं हसू एकदम विझलं.

"आरं दादा, ती बारापोवतर जो येईल त्याला हात जोडती. ग्यासवाला आला तरी जोडती. त्याचा अर्थ, 'आत्ता बोलता येत नाय, मागून या.' परवा इमावाला आला व्हता, त्यालाबी जोडले. मग काय त्याची पॉलिसी झाली का? सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. हिला इचार की!" तिनं आरोहीकडं बोट केलं. "दारात हुभी राहून तीच सांगायची लोकांना, आत्याचं मौन हाय, बारानंतर या."

हर्षल वळला. "आरोही? तू म्हणालीस, त्या हो म्हणाल्या."

आरोही फरशीकडं बघत होती. "सर, त्या... नाही पण म्हणाल्या नव्हत्या."

खालून भाजीची हातगाडी गेली, भोंग्यातून दोडकी, गिलकी, कारली ओरडत.

सुवर्णाला वाटलं, आत्ता बोलावं. एक शब्द. नऊ वर्षांत एकदा. जिभेच्या टोकावर आला होता. पण मग तिला वाटलं, या पोरीनं माझी अक्षरं घेतली, माझे जोडलेले हात घेतले, आता माझा नेमही हिलाच देऊ? तिनं ओठ मिटले. सुईत नवा दोरा ओवायला घेतला. तो तिसऱ्या वेळी गेला.

"बरं, असू दे, ते आपण मिटवू," हर्षल घड्याळाकडं बघत म्हणाला. "मला साडेअकराला मीटिंग आहे. काकू, खरं काम वेगळंच आहे. फोटोंमधून आम्हाला फक्त तुमच्या तोरणांवरचीच अक्षरं मिळाली. बाकीची आम्ही ऑफिसात काढली, पण ती जमत नाहीयेत. वहीत सगळी आहेत ना? आजच्या आज लागणार आहेत. द्याल ना?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं आणि मग बारावर.

"मानेनं हो-नाही सांगा फक्त."

"मानेनं सांगितलं की तू त्याचाबी इडियो काढशील," कलाबाई म्हणाली. "बैस गुमान."

तो बसला. साडेअकराची मीटिंग त्यानं फोनवर एकला ढकलली. मग उठला, ओसरीच्या टोकाला गेला, परत आला. कलाबाईनं त्याला लाडू दिला नाही; डबा आपल्या मांडीशी ओढून स्वतः एक खाल्ला, सावकाश.

"आरोही, तूच घे ना जाऊन," तो शेवटी दबक्या आवाजात म्हणाला. "घरचीच आहेस. फोटो काढून परत ठेव."

आरोही उठली. सुवर्णाला खरंच वाटलं नव्हतं, ती उठेल. पोरगी आतल्या खोलीकडं दोन पावलं गेली, आणि सुवर्णा कापड मांडीवरून खाली पडू देत उभी राहिली, देवघराच्या दारात जाऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत. दोन्ही हात चौकटीला लावले. आरोहीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मागं सरकली. या आत्यानं तिला कधी चिमटासुद्धा काढला नव्हता.

सुवर्णा तिथून हलली नाही. पोळ्या सकाळीच झाल्या होत्या. पावणेबाराला कलाबाईनंच उठून वरण गरम केलं, भात वाढला, आणि ताट तिच्या हातात दिलं. देवळात बाराच्या आरतीची घंटा वाजली. सुवर्णानं देवापुढं पाण्याचं मंडल केलं, ताट ठेवलं, तुळशीपत्र ठेवलं, डोळे मिटले. रोज ती त्या वेळी काहीतरी मागायची, संतोषच्या गुडघ्यासाठी, भावाच्या द्राक्षांसाठी. आज काही मागावंसं वाटलं नाही.

मग ती बाहेर आली आणि पाटावर बसली.

"बसा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता. हर्षलला ऐकायला पुढं वाकावं लागलं. "तुम्ही काढलेली अक्षरं दाखवा."

त्यानं घाईनं मोबाईल पुढं केला. तिनं चष्मा लावला, एकेक अक्षर सरकवलं.

"हा 'घ' आहे का 'ध'?"

"'ध'. नाही, थांबा... 'घ'."

"तुम्हालाच कळत नाही. बोर्डावर लागला तर रस्त्यावरच्याला काय कळणार? 'ढ'चं पोट बुजलंय. 'ज्ञ' तर चिखलात पडल्यासारखा झालाय." तिनं मोबाईल परत दिला. "जाड करणं सोपं असतं. जाड करून वाचता येणं, त्याला अडीच वर्षं लागतात."

"म्हणून तर तुमच्याकडे आलोय ना काकू! तुम्ही ग्रेट आहात. गेमच्या शेवटी तुमचं नाव टाकतो, विशेष आभार म्हणून."

"आभार दिलेल्या वस्तूचे मानतात. मी काही दिलंच नाही."

"काकू, तुम्ही उगाच रागावताय."

"उगाच नाही," सुवर्णा म्हणाली. "मी सव्वानऊपासून रागावलेय. पावणेतीन तास झाले. तुम्ही माझी अक्षरं नेलीत, त्यांना तुमचं नाव लावलंत, आणि आमच्या गटातल्या अकरा बायकांची तोरणं दुकानातून काढायला लावलीत. त्यातल्या दोघींना मीच हात धरून फुली टाकायला शिकवलंय. आता त्या मला विचारणार, वहिनी, आपण चोरी केली का? त्यांना काय सांगू? की एका साहेबांनी परवानगी दिलीये, काळजी करू नका?"

हर्षलनं मोबाईल खिशात टाकला. सुवर्णा थांबली नाही.

"मला परवानगी नको. ही नोटीस चुकीची आहे आणि ही अक्षरं सुवर्णा पिंगळेची आहेत, असं तुमच्या कंपनीच्या कागदावर लिहून द्या. मग वहीचं बोलू."

"असं नाही देता येत हो. नोंदणी झालीये, गुंतवणूकदार आहेत... मी नोटीस मागं घेतो, आत्ता, तुमच्यासमोर. पण मालकीचं सोडा. आणि वही नसेल द्यायची तर राहू दे, आम्ही काढू आमची आम्ही." तो उठला. आता त्याच्याही आवाजातलं गोड संपलं होतं. "शेवटी चौकोनच आहेत ते. चौकोन काय कुणाच्या बापाचे नसतात."

"बापाचं नाव काढू नको हां!" कलाबाई लाडवाचा डबा घेऊन उभी राहिली. डबा पितळी होता आणि ती तो नीट धरून नव्हती. हर्षल उंबऱ्याकडं सरकला.

"आरोही, चल."

आरोही हलली नाही. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण सुवर्णाला त्याची दया आली नाही. रडणं सोपं असतं, ही पोर परीक्षेच्या आदल्या दिवशीही रडायची आणि मग पुस्तक मिटून झोपायची.

"तू सांग," सुवर्णा तिला म्हणाली. "हात जोडणं म्हणजे काय?"

"आत्या..."

"तुला विचारतेय."

"बारानंतर या," आरोही पुटपुटली.

"मोठ्यानं. तुझ्या सरांना ऐकू गेलं नाही."

"बारानंतर या, असं म्हणायचंय तिला. मला माहीत होतं सर. तेव्हाही माहीत होतं." ती रडत नव्हती आता. "तुम्ही म्हणालात, सोमवारी गुंतवणूकदारांना दाखवायचंय, आणि मला वाटलं, बारानंतर विचारलं तर ती नाही म्हणेल. नाही तर कायकाय विचारत बसेल."

"तुझं तू बघ मग," हर्षल म्हणाला. त्यानं बुटांत पाय खुपसले, टाचा न घालताच जिना उतरला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

कलाबाईनं डबा खाली ठेवला. सुवर्णानं कपाटातून आखीव ताव काढला, पेन काढलं आणि आरोहीपुढं ठेवलं.

"आत्ता बोललीस ते लिही. तारीख घाल. कुठली अक्षरं, कधी फोटो काढले, कुणाला दिले. सगळं."

आरोहीनं लिहिलं. दोन पानं झाली. मधे एकदा थांबून म्हणाली, "माझी नोकरी जाईल."

"जाईल," सुवर्णा म्हणाली. तिनं 'पण' म्हणून पुढं काही जोडलं नाही. आरोहीनं वाट बघितली, आणि मग पुन्हा लिहायला लागली.

सही झाली. सुवर्णानं दोन्ही पानं वाचली, एके ठिकाणी 'प्रेरणा घेऊन' लिहिलं होतं ते खोडून 'न विचारता उचलून' लिहायला लावलं. देवांच्या मागून वही काढली. नोटीस, ताव, वही, तिन्ही एका पिशवीत घातलं.

"जेव तरी," कलाबाई म्हणाली. "सकाळधरनं पोटात काय नाय तुझ्या."

"वकील दीडला जेवायला उठतात. तुझ्याकडून मेथी घेणाऱ्या त्या कोर्टातल्या वकिलीण बाई असतील ना आज?"

"आसतील की. पर आपन गटाच्या बायांना इचारून—"

"त्यांना रस्त्यात फोन करू."

आरोही पुढं आली आणि पाया पडायला वाकली. सुवर्णानं पाय मागं घेतले. पोरीचे हात फरशीवरच राहिले.

"आत्या, रागावलीस ना खूप?"

"हो," सुवर्णा म्हणाली. "आणि लवकर जाणार नाही हा राग. पाया नंतर पड. आधी चप्पल घाल, वकिलिणीपुढं हे सगळं तुझ्या तोंडानं सांगायचंय."

आरोहीनं चप्पल घातली. तिघी जिना उतरल्या. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती, रिक्षावाला आरामात मोबाईल बघत होता, आणि पंचवटीनं आजवर कधी न ऐकलेल्या आवाजात सुवर्णा ओरडली, "अहो! कोर्टात! चला पटकन!"